असन्निधानातील आचार्य श्रीनागदेव

आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांच्या चरित्राचे दोन भाग पडतात : सर्वज्ञांचे सन्निधान आणि त्यानंतरचे असन्निधान. पहिला भाग सर्व उपदेशी मंडळींच्या परिचयाचा आहे. मातोश्री आबाइसा, भगिनी उमाइसा व चुलत भगिनी महदाइसा या तिघीही स्वामींच्या परिवारात होत्या. नागदेवांचे तारुण्य मात्र आरंभी स्वैर होते, हे परंपरा लपवीत नाही. पुढे ते अनुसरले आणि मार्गाचे आचार्य झाले. येथे दुसऱ्या भागाचाच विचार करावयाचा आहे.

शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे बीजे केले. आज्ञेप्रमाणे आचार्य ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले. तेथील त्यांची स्थिती विचार करण्याजोगी आहे. दृष्टीपुढे श्रीप्रभू प्रत्यक्ष. त्यांचे रुसणे, त्यांचा संतोष, त्यांची क्रीडा यांकडे क्षणोक्षणी अवधान हवे. अंतरात स्वामींची श्रीमूर्ती. एकीकडे पाहता दुसरी झाकोळावयाची नाही काय? ज्याने स्मरणाचा अभ्यास केला आहे, त्याला ही अडचण ठाऊक असते. विजनात डोळे मिटून मूर्ती चित्तात आणणे त्या मानाने सुकर. उघड्या डोळ्यांनी, झोळी हाती घेऊन, दारोदार भिक्षा करीत असता तीच मूर्ती न निसटू देणे दुष्कर. आचार्यांनी सेवा सोडली नाही आणि स्मरणही सोडले नाही.

हे स्मरण म्हाइंभटांच्या ध्यानात आले. आपण निरंतर कशाचे चिंतन करता, असे त्यांनी विचारले. स्वामींच्या लीळांचे, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्या लीळा आपणांस सांगाव्या, म्हणजे लिहून ठेवता येतील, अशी त्यांनी विनंती केली. शके १२०० च्या सुमाराचे लीळाचरित्र यातून निर्माण झाले. स्वामी कोणत्या स्थानी, कोणत्या अंगास आसनस्थ होते, जवळ कोण होते, या तपशिलांकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. केवळ तात्पर्य लक्षात ठेवणाऱ्याला हे सांगता येत नाही. त्याला प्रसंग पुन्हा दिसावा लागतो. म्हाइंभटांनीही एकट्या आचार्यांवर विसंबून न राहता, ज्यांनी ज्यांनी ते प्रसंग पाहिले होते त्यांना गाठून शोध घेतला.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. इ. स. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने लोकांना सकाळच्या न्याहारीचे मेज मनात आणावयास सांगितले. काहींना ते प्रत्यक्षाइतके स्पष्ट दिसले, काहींना मुळीच दिसले नाही. मूर्ती दिसत नाही म्हणून कष्टी होणारे वासनिक आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही हे सांगतो, आणि मूर्तीबरोबर नाम, लीळा व चेष्टा यांचेही स्मरण विहित आहे याची आठवण देतो.

श्रीप्रभूंच्या निर्याणानंतर आचार्य गोदातीरी परतले. शके १२२४ च्या सुमारास त्यांचा देहान्त झाला. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. हिराइसांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांच्या स्मरणातून एक पाठ सिद्ध झाला, इतरांच्या स्मरणातून आणखी. जेथे दोघांच्या आठवणीत अंतर पडले, तेथे लेखकांनी एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवले नाही. ‘वासना’ म्हणून दोन्ही नोंदविले. पोथीत अशी नोंद आली की आम्ही पारायणात क्षणभर थांबतो आणि तो प्रसंग दोन्ही प्रकारे मनात आणून पाहतो.