अंगणात शाळा मांडणाऱ्या ताराबाई मोडक

भारतात खेडोपाडी आज एक शब्द कानावर येतो, तो म्हणजे अंगणवाडी. आपल्याकडे जिला मातेर्नेल म्हणतात तशीच ती लहानग्यांची शाळा. पण तिथे मुलांना खाऊही मिळतो, लस टोचली जाते, वजनही होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हा शब्द सरकारी कागदावर चढला. शब्द मात्र सरकारचा नव्हे. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, गावाने अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या वस्तीच्या अंगणात तो रुजला, आणि रुजवला ताराबाई मोडक या मराठी बाईंनी. तो देशभर पोचला तेव्हा बाई हयात नव्हत्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. त्या माहेरच्या केळकर. घर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर बाई पाहायला माणसे वाट वाकडी करून येत असतील! पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही आणि १९२१ साली दोघे विभक्त झाले. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईकडे समाज तेव्हा कसा पाहत असे, हे आपल्याही आज्या-पणज्यांनी पाहिलेले आहे. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची जागा होती.

ती त्यांनी १९२३ साली सोडली. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली टाकून लहान मुलांची शाळा चालवीत होते. इटलीच्या माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी उचलली होती. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. गिजुभाईंना लोक मिशाळ आई म्हणत. ताराबाई त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि लवकरच त्यांच्या बरोबरीने काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, पुढे मराठीत शिक्षणपत्रिका निघाली, १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. बाईंचे नाव झाले.

पण शिशुविहारात येणारी मुले कुणाची होती? नोकरदार, खाऊनपिऊन सुखी अशा घरांची. माँटेसोरीची ती गुळगुळीत लाकडी साधने महाग असत. ज्या बाईंनी ही पद्धत झोपडीत जन्मलेल्या मुलांसाठी निर्माण केली, तिच्याच नावाची शाळा भारतात पैसेवाल्यांची झाली होती. ताराबाईंना हे बोचत असले पाहिजे, नाहीतर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या नसत्या.

बोर्डी हे डहाणूजवळचे समुद्रकाठचे गाव, चिकूच्या वाड्यांचे. १९४५ च्या अखेरीस तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. हाका मारून, घरोघर फिरून फार उपयोग झाला नाही. गावची शाळा म्हणजे वरच्या लोकांची जागा, हे पोरांच्या आईबापांच्या मनात पक्के बसलेले होते. अशा वेळी दुसऱ्या कुणी आईबापांना अडाणी ठरवून अहवाल लिहिला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, जमलेल्या मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची आणि तिथेच खेळ मांडायचा. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने, मातीची भांडी, बांबूचे तुकडे आले. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे त्यातून शिकवता येई, आणि खर्च नाही. वीस वर्षे जी साधने त्यांनी हाताळली, जपली, दुसऱ्यांना शिकवली, ती त्यांनी अशी बाजूला ठेवली. मला त्यांच्या आयुष्यातले हेच सर्वांत अवघड काम वाटते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९५० च्या राज्यघटनेत असे मार्गदर्शक तत्त्व आले की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारने करावा. त्यातली सात वर्षे उलटली होती, तेव्हा १९५७ साली, ताराबाई डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सभोवार वारली आदिवासींचे पाडे. जमीनदारांच्या वेठबिगारीत पिढ्यान्‌पिढ्या भरडलेली ही माणसे. १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी त्यांना उठवून त्या वेठीविरुद्ध उभे केले होते. ताराबाईंचा मार्ग तो नव्हता. जमिनीच्या लढ्यात त्या पडल्या नाहीत, आणि पोटाचा प्रश्न शाळेने सुटत नाही हेही खरे. पण वेठ संपली तरी वारल्याच्या पोराचा दिवस त्याच्या हाती आला नव्हता.

हा दिवस कसा असे? सकाळी गुरे घेऊन रानात जायचे, किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखायचे. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की ती भावंडाची आईच. साडेदहाची घंटा हिच्यासाठी नव्हतीच. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. ताईने कडेवरचे बाळ पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि आपण वर्गात जावे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत, शिक्षक झोळी घेऊन कुरणावर आला आहे, झाडाखाली अक्षरओळख चालली आहे. दिवसा कामाला जाणाऱ्या पोरांसाठी रात्रीचे वर्ग. आपल्या बेटावरच्या वाचकांना यात नवल वाटायला नको. दिवसभर उसाच्या मळ्यात राबून संध्याकाळी दिव्याच्या उजेडात बैठकेत अक्षरे गिरवणारी पिढी आपल्याच घरातली होती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी सरकारी योजना निघाली, ती सुरुवातीला फक्त ३३ ठिकाणी. आज अंगणवाड्या लाखांनी मोजाव्या लागतात. त्यातल्या कित्येक ठिकाणी खिचडी वेळेवर शिजते पण खेळ मांडला जात नाही, आणि ताराबाईंनी तर सुरुवात खेळापासून केली होती.

कोसबाडचे काम त्यांच्यामागे अनुताईंनी चालवले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. बोर्डीला सुरू झालेली दोघींची सोबत ताराबाईंच्या निधनापर्यंत अठ्ठावीस वर्षांची होती. त्यानंतरची एकोणीस वर्षे अनुताईंनी एकटीने टेकडीवर काढली, त्याच मुलांच्या नातेवाइकांत, त्याच कुरणाच्या कडेला.