वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योगपती होते. जहाज वाहतूक, विमान, जहाजबांधणी, साखर आणि मोटार या उद्योगांची भारतात पायाभरणी करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सुरुवातीचे जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईतील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या व्यवसायात आले. परंतु सावकारी व कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वे बांधकामाची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीचे लॉयल्टी हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

वालचंदनगर

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे बारामती-इंदापूर भागात उसाची लागवड वाढली होती. वालचंद यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यातील कळंब येथे ऊसमळा उभारला आणि १९३४ च्या सुमारास साखर कारखाना सुरू केला. त्याभोवती वसलेल्या गावाला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. येथील कारखान्यात कालांतराने साखर व सिमेंट उद्योगांसाठी यंत्रसामग्री, तसेच अणुऊर्जा व अंतराळ कार्यक्रमांसाठी सुटे भाग तयार होऊ लागले.

मोटार उद्योगाचा प्रयत्न

त्या काळी भारतात धावणाऱ्या मोटारी व मालमोटारी परदेशातून येत. फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्या सुटे भाग आणून येथे केवळ जुळणी करीत. मोटारी देशातच तयार व्हाव्यात, अशी योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली होती. वालचंद यांनी ती हाती घेऊन १९३९ मध्ये अमेरिकेला जाऊन तेथील मोटार उत्पादकांशी बोलणी केली आणि पुढे क्रायस्लर कंपनीशी सहकार्य ठरवले. परतीच्या प्रवासात एका अमेरिकी विमान व्यावसायिकाशी त्यांची भेट झाली. तिच्यातूनच १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली.

विमान कारखान्याला सरकारची साथ मिळाली, मोटार कारखान्याला मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला हजारो मालमोटारींची गरज होती; तरीही नव्या कारखान्याचा युद्धासाठी तातडीने उपयोग होणार नाही, अशी भूमिका वसाहत सरकारने घेतली. यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी सरकारचे सहकार्य न मिळाल्याने योजना लांबणीवर पडली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना झाली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व फार्गो मालमोटारी, तसेच मोटारी बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला हे काम बहुतांशी जुळणीचे होते. सुटे भाग देशात बनवण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढले. पुढील काळात या मालमोटारींत पर्किन्स बनावटीची डिझेल इंजिनेही बसवली जाऊ लागली. डिझेल इंजिनांशी समूहाचा संबंध त्याआधीच आला होता : धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातील इंजिन कारखान्यात समूहाने १९४० च्या सुमारास भागीदारी घेतली होती.

अखेरची वर्षे

विशाखापट्टणम येथील सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला १९४१ मध्ये राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. तेथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. विमान कारखाना मात्र १९४२ मध्येच सरकारच्या ताब्यात गेला होता. १९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर ते कारभारातून निवृत्त झाले. त्यामुळे दीर्घकाळ पाठपुरावा करून उभारलेल्या मोटार कारखान्याचे काम त्यांना जेमतेम दोन वर्षेच प्रत्यक्ष पाहता आले. सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.