जोग महाराज आणि ह.भ.प.चा मान

आम्ही चौथी शिकलेलो, शेतकरी माणूस. तरी पत्रिकेत लोक आमच्या नावापुढं ह.भ.प. छापतात, तवा जोग महाराजांची आठवण होऊन जीव दबतो.

विष्णुबुवा जोग १८६७ साली पुण्यात जन्मले. तालमीत अंग कमावलं, लग्न केलं नाही. तुकोबारायांची सार्थ गाथा त्यांनी छापली. कीर्तन केलं, पण बिदागी घेतली नाही. १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. फी नाही. पोरांनी माधुकरी मागून खावं अन् चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा शिकावी. आपल्या जिल्ह्यातले नेकनूरचे बंकटस्वामी महाराज त्यांच्याच हाताखाली घडले. सोनोपंत दांडेकर एवढे एम.ए., कॉलेजचे प्राचार्य. वारकरी त्यांना मामाच म्हणत. १९२० साली महाराजांनी आळंदीत देह ठेवला. संस्था तेव्हा तीन वर्षांची होती; आज शंभरी ओलांडून उभी आहे.

तिथून शिकून आलेल्या पोराच्या नावापुढं गाव आपणहून ह.भ.प. लावतं. हा मान कागदावर मिळत नाही, वागण्यानं टिकतो. म्हणून पोरांनो, बिदागी ठरवायच्या आधी एकदा जोग महाराजांना आठवा. आम्हीही आठवतो.

राम कृष्ण हरी.