फाळके, दादरचे ऊन आणि भिंगावरचा थर

१९१०च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके गिरगावातल्या चित्रगृहात येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून आले आणि त्यांना एकच ध्यास लागला. चाळिशीतला हा माणूस रोज संध्याकाळी चित्रपट पाहू लागला आणि उरलेल्या वेळेत घरी प्रयोग करू लागला. झोप जेमतेम तीन तास. डोळ्यांवर इतका ताण आला, की दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांचे उपचार आणि चष्मे यांमुळे ती परत आली.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण आणि छपाई हे त्यांचे व्यवसाय. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण दादरला झाले. सगळी भिस्त उन्हावर होती. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडत. चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून त्या तासन् तास उन्हात उभ्या राहत, म्हणजे प्रकाश कलाकारांवर पडे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट झळकला.

एवढ्या कष्टाने मिळवलेला प्रकाश त्या काळच्या कॅमेऱ्यात काही अंशी वाया जाई. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. तीन सुट्या भिंगांचे पृष्ठभाग सहा. म्हणजे पाचवा हिस्सा गेला. शिवाय आत भरकटलेला प्रकाश चित्र फिके करतो.

यावर उपाय १९३५ मध्ये निघाला. जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात भिंगावर पातळ थर चढवण्याचे पेटंट घेतले. पुढे मॅग्नेशियम फ्लोराइड रूढ झाले. ते निर्वातात तापवले की त्याची वाफ काचेवर बसते. काच गरम ठेवली तर थर टणक होतो. जाडी जेमतेम १०० नॅनोमीटर, केसाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी. थराच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात आणि ४ टक्क्यांचे परावर्तन दीडच्या आत येते.

फाळक्यांच्या मूकपटांना हा थर लाभला नाही. १९३७च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट केला नाही; १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. आज चष्म्याच्या काचांवरही असे थर असतात. द्रव्ये बहुधा वेगळी, तत्त्व तेच. थकलेल्या डोळ्यांना ते विश्रांती देत नाहीत. ती डोळ्यांना आपणच द्यावी लागते.