कमल रणदिवे : शरीराबाहेर पेशी जगवण्याचं तंत्र मुंबईत रुजवणाऱ्या शास्त्रज्ञ

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलवर एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचं डूडल झळकलं होतं. कित्येकांनी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकला आणि दुसऱ्या दिवशी नावही विसरले. त्या होत्या डॉ. कमल रणदिवे. कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांच्यावर संशोधन करण्याची सोय आपल्याकडे उभी राहिली, ती त्यांच्यामुळे.

डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकलंच पाहिजे, असं मानणारं हे घर. कमल हुजूरपागेत शिकल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं, अशी वडिलांची इच्छा होती. पण तिनं फर्ग्युसनमध्ये वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र निवडलं.

१९३९ मध्ये गणिती ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं शिक्षण थांबायचा तो काळ. इथे उलट झालं. नवऱ्याची साथ मिळाली आणि १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झालं. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करता करता १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडीही मिळाली. मार्गदर्शक होते नामवंत पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर.

खानोलकरांच्याच प्रोत्साहनानं फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या, तेही तिला न विचारता. ‘हेला’ नावानं या पेशी आजही जगभर वाढतायत. अशा कामाचं तंत्र शिकून रणदिवे मुंबईला परतल्या.

हे तंत्र म्हणजे काय?

याला टिश्यू कल्चर म्हणतात. शरीरातून काढलेल्या गाठीचा ताजा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि बशीत पोषक द्रवात ठेवायच्या. द्रवात क्षार, साखर, अमिनो आम्लं आणि रक्तद्रव. तापमान ३७ अंश. सगळं निर्जंतुक. बुरशीचा एक कण आत गेला तरी सगळी मेहनत वाया. मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी धरते, म्हणजे बघा.

याचा उपयोग कसा होतो, ते लहान मुलांच्या एका कॅन्सरवरून कळेल. त्याचं नाव ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. आपले स्नायू तयार होताना कोवळ्या पेशी आधी भराभर वाढतात. मग वाढ थांबवून त्या एकमेकींत मिसळतात आणि स्नायूचा लांब तंतू बनतो. या कॅन्सरमध्ये पेशी स्नायू व्हायला निघतात, पण मध्येच अडकतात. पूर्ण स्नायू होत नाहीत आणि वाढायच्याही थांबत नाहीत. मग गाठ होते.

ही अडकलेली पेशी बशीत वाढवता आली, तर कोणत्या जनुकामुळे ती अडकली आणि कोणत्या औषधानं सुटेल, हे आधी तिथे तपासता येतं. रणदिवे यांचं स्वतःचं काम मुख्यतः स्तन, रक्त आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरवर होतं. पण मुलांच्या गाठींचा असा अभ्यासही टिश्यू कल्चरशिवाय होत नाही.

शून्यातून प्रयोगशाळा

परतल्यावर रणदिवे खानोलकरांनी स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम करू लागल्या. त्यांनी तिथे उभारलेली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा भारतातली पहिली मानली जाते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पेशींचं पोषक द्रव आणि लागणारी रसायनं इथेच तयार केली. कारण साधं होतं. दर वेळी बाहेरच्या मालाची वाट बघत बसलं, तर बशीतल्या पेशी थांबत नाहीत, मरतात.

उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांनी हार्मोन्स, विषाणू आणि कॅन्सर यांचा संबंध अभ्यासला. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाला.

बायकांना प्रयोगशाळेत टिकवायचं तर

१९७३ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. वर्तकनगरवाल्यांसाठी ही काही लांबची गोष्ट नाही. ठाण्याहून लोकल पकडून वाशीला उतरलं, की तिथेच संघटनेचं मुख्यालय आहे. तिथे नोकरदार महिलांसाठी हॉस्टेल आहे, पाळणाघर आहे. मूल सांभाळायला कुणी नसेल, तर हुशार बाईलाही संशोधन सोडावं लागतं, हे ओळखून केलेली ही सोय.

निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची संस्था आता टाटा मेमोरियल सेंटरचा भाग म्हणून नवी मुंबईत खारघरला आहे. कॅन्सरच्या पेशी तिथे आजही बशीत वाढवल्या जातात. फक्त त्यासाठी आता कुणाला बाल्टिमोरला जाऊन शिकून यावं लागत नाही.