मेंदूच्या तळाचा शोधक : डॉ. हार्वी कुशिंग

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिट्युटरी किंवा पीयूषिका ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण उंची वाढणे, वयात येणे, मातेला दूध येणे अशी कितीतरी कामे तिच्या स्रावांच्या हुकमतीखाली चालतात. या ग्रंथीचे आजार ओळखण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. हार्वी कुशिंग यांची ही ओळख.

त्यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा, पणजोबा सारे डॉक्टर. १८९१ साली येल विद्यापीठाचे पदवीधर होऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. विद्यार्थी असतानाच शस्त्रक्रियेसाठी रोग्याला ईथर देऊन बेशुद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या हातून ईथर घेतलेला एक रोगी दगावला. तरुण कुशिंग इतके खचले की वैद्यकी सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला. पण त्यांनी पाठ फिरवली नाही. एमरी कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याची नाडी व श्वास कागदावर सतत टिपण्याची पद्धत सुरू केली. १९०१ साली इटलीतील पाव्हिया येथे रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिल्यावर त्याचीही नोंद ते ठेवू लागले. अशा नोंदीवाचून आज कोणतीही मोठी शस्त्रक्रिया होत नाही.

त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्यूच. कुशिंग यांनी रक्तस्राव रोखण्यासाठी १९११ साली चांदीचे बारीक चिमटे आणि १९२६ साली विजेचे उपकरण वापरात आणले. बोस्टनच्या रुग्णालयात त्यांनी मेंदूतील गाठींच्या दोन हजारांवर शस्त्रक्रिया केल्या. अखेरच्या काळात दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास आले.

१९१२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी तेवीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत दिली. चेहरा गोल झालेला, पोट सुटलेले, अंगावर केस वाढलेले, पाळी बंद. दोष नेमका कोणत्या ग्रंथीत, याचा निवाडा तेव्हा होईना. त्यांनी घाई केली नाही. वीस वर्षे असे रोगी ते शोधत राहिले. १९३२ साली बारा रोग्यांच्या नोंदी समोर ठेवून त्यांनी दाखवले की, पीयूषिकेतील अगदी लहानशी गाठही हा आजार घडवू शकते. हाच पुढे कुशिंगचा रोग म्हणून ओळखला गेला. त्या गाठीतील स्राव मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीला चेतवतो आणि तिचा कॉर्टिसॉल हा स्राव प्रमाणाबाहेर वाढतो, हे आता आपणांस ठाऊक आहे.

पालकहो, स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सुरू करू नयेत, आणि एकदम बंदही करू नयेत.

१९३३ साली कुशिंग येल येथे मज्जाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहान गाठ आढळली. त्यांनी जपलेले मेंदूचे नमुने व रोग्यांची छायाचित्रे येल येथे २०१० साली अभ्यासकांसाठी खुली झाली.

मित्रांनो, कुशिंग हुशार होते यात शंका नाही. पण एका रोग्याच्या मृत्यूने खचलेल्या विद्यार्थ्याला वाट दाखवली ती कागद-पेन्सिलीने. जे घडले ते खरेपणाने लिहून ठेवण्याची ही सवय तुम्हालाही आजच्या आज लावून घेता येईल.