नाव सिंगरचे, वय नंबराचे

माजिवडा, कल्याण, डोंबिवलीकडच्या जुन्या घरांत लाकडी पेटीतले हाताचे शिलाई मशीन अजून सापडते. त्यावर अनेकदा नाव असते ‘सिंगर’. ज्याचे हे नाव, तो आयझॅक मेरिट सिंगर मात्र शिंपी नव्हता.

त्याचा जन्म 1811 मध्ये न्यूयॉर्क राज्यातला. बाराव्या वर्षी घर सोडले. कधी कारागीर, कधी फिरत्या नाटक मंडळीतला नट. 1839 मध्ये खडकात भोके पाडण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. ते पैसे नाटकात गेले. 1850 मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात त्याने सदोष शिलाई मशीन पाहिले. त्यातले शटल गोल फिरे आणि धाग्याला पीळ पडे. सिंगरने शटल सरळ मागेपुढे नेले, सुई उभी केली आणि कापड दाबून धरायची सोय केली. 12 ऑगस्ट 1851 रोजी पेटंट झाले.

पण टोकाशी नेढे असलेली सुई आणि शटल मिळून घालतात त्या टाक्याचे पेटंट इलायस होवेकडे 1846 पासूनच होते. 1854 मध्ये सिंगरला हार मानून पैसे मोजावे लागले. पुढे भागीदार एडवर्ड क्लार्कने हप्त्यांची विक्री सुरू केली आणि महागडे मशीन सामान्य घरांत पोचले.

1924 मध्ये गांधीजींनी यंत्रांवरच्या आपल्या आक्षेपातून सिंगरचे मशीन वगळले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी बनवले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरचा डोळा कमाईवर होता. तरीही कष्ट वाचले, हे खरेच. त्या काळच्या एका कंपनीच्या आकड्यांनुसार हाताने सुमारे 14 तास लागणारा सदरा मशीनवर सव्वा तासात होई.

सिंगर 1875 मध्ये इंग्लंडमध्ये वारला. उचलून नेण्याजोगे 99 हे मॉडेल 1911 चे आणि हलके विजेचे 221 हे 1933 चे. त्यामुळे अशी मॉडेल्स ‘खुद्द सिंगरच्या काळातली’ म्हणून कोणी विकत असेल तर सावध राहावे. पट्टीवरची पेटंटची तारीख म्हणजे मशीनचे वर्ष नव्हे. वर्ष कळते ते बैठकीवर कोरलेल्या नंबरावरून. नुसते आकडे असतील तर मशीन साधारणपणे 1900 पूर्वीचे, आधी एक अक्षर असेल तर त्यानंतरचे आणि दोन अक्षरे असतील तर 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरचे. नेमके वर्ष कंपनीच्या नोंदींवरून केलेल्या तक्त्यात मिळते.

घेताना चाक हाताने फिरवून पाहावे. ते न अडकता फिरले पाहिजे. शटल आणि बॉबिन जागेवर आहेत ना, हेही पाहावे. विजेचे असेल तर जुन्या वायरीचे आवरण तडकलेले असू शकते. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय प्लग लावू नये. शॉक बसण्याचा धोका असतो.